पेलेट स्टोव्ह घ्यायचाय: घराच्या मापाचा की दुकानदाराच्या मापाचा?

शून्यअंश | ८ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मुक्काम अमेरिकेत, दक्षिण न्यू हॅम्पशायर, नाशुआच्या जवळ. घर १९७८ सालचं, दुमजली, साधारण २१०० चौरस फूट. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आणि खोल्यांच्या कडेने गरम पाण्याचे बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या, ऊब देणाऱ्या नळ्या). गेल्या हिवाळ्यात ७६० गॅलन तेल जाळलं. एवढं जाळूनही थर्मोस्टॅट ६४ फॅरनहाइटवर (साधारण १८ सेल्सिअस), बायको सोफ्यावर शालीत आणि धाकटा घरात कानटोपी घालून. आईला व्हिडिओ कॉल केला की ती पहिलं वाक्य म्हणते, "अरे, त्या पोराला काहीतरी पांघरा!"

शेजाऱ्याकडे पेलेट स्टोव्ह आहे. त्याच्या घरी गेलं की पाच मिनिटांत मोजे काढावेसे वाटतात, म्हणून डोक्यात किडा शिरला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: लाकडाचा भुसा प्रचंड दाबाने दाबून पेन्सिलीपेक्षा बारीक कांड्या करतात, त्या म्हणजे पेलेट. स्टोव्हच्या टाकीत त्या ओतायच्या. आत एक स्क्रू फिरतो (इथे त्याला ऑगर म्हणतात), तो मूठमूठ कांड्या जळणाच्या वाटीत टाकत राहतो. एक पंखा धूर बाहेर ओढतो, दुसरा गरम हवा खोलीत फेकतो. काडी लावायची गरज नाही, बटण दाबलं की पेटतो.

दुकानदाराने घराचं क्षेत्रफळ विचारलं आणि थेट सगळ्यात मोठ्या मॉडेलकडे नेलं. तासाला ५०,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक), बसवून साडेसहा हजार डॉलर. "एवढ्यात अख्खं घर तापेल," म्हणाला. मला ते "एवढ्यात" काही पटेना.

स्टोव्ह जाईल फॅमिली रूममध्ये, म्हणजे घराच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला, गॅरेजच्या वर, आईची खोली. आई ऑक्टोबरात कराडहून सहा महिन्यांसाठी येतेय. तर कुठला घ्यावा, केवढा घ्यावा, की घेऊच नये? अनुभवी लोकांनी लिहा.

फुकटचा_सल्ला | ८ सप्टेंबर

पुण्यात गोधडी मिळते. साडेसहा हजार डॉलरात पेठेतली सगळी दुकानं रिकामी होतील.

(हलके घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

बर्फाळ_बाई | ९ सप्टेंबर

व्हरमाँटमध्ये अकरा हिवाळे काढलेत, त्यातले नऊ पेलेटवर. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

पहिली गोष्ट, क्षेत्रफळ विचारून स्टोव्ह विकणाऱ्याचं ऐकू नका. दोन घरं २१०० फुटांचीच असतात, पण एकाच्या माळ्यावर फूटभर इन्सुलेशन असतं आणि दुसऱ्याच्या माळ्यावर नुसती खारूताई. शिवाय पत्रकावरचा ५०,००० हा आकडा बहुतेक वेळा आत टाकलेल्या इंधनाचा असतो, खोलीत येणाऱ्या उष्णतेचा नाही. साधारण पाऊण धरा.

आता पोत्यांचा हिशेब करा. ४० पौंडांचं एक पोतं म्हणजे सव्वातीन लाख बीटीयूच्या आसपास. चोवीस तासांत एक पोतं जाळलं तर खोलीत तासाला जेमतेम दहा हजार येतात, दोन जाळली तर वीस. पूर्ण ५०,००० वर चालवायचा म्हणजे दिवसाला साडेतीन पोती ओतायची. तुम्ही ओतणार आहात? कोणी ओतत नाही. मग तो मोठा स्टोव्ह ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत सगळ्यात खालच्या सेटिंगवर रखडत राहतो. काच दोन दिवसांत काळी, वाटीत अर्धवट जळलेला चिकटा. किंवा सारखा बंद-चालू होतो आणि पेटवणारा इग्नायटर दोन सीझनमध्ये जातो. माझा पहिला स्टोव्ह असाच, गरजेपेक्षा दीडपट मोठा घेतला होता. काच पुसून पुसून हात काळे.

दुसरी गोष्ट, हा खोली तापवणारा प्राणी आहे, घर तापवणारा नाही. ज्या खोलीत तुम्ही जागेपणी सगळ्यात जास्त वेळ असता तिथे तो ठेवा. जिना जवळ असेल तर वरच्या खोल्यांना आपोआप थोडी ऊब जाते. लांबच्या खोलीत नाहीच जात. एक युक्ती: तिकडच्या दारात जमिनीवर छोटा पंखा ठेवा, तोंड स्टोव्हकडे. थंड हवा खालून इकडे ढकलली की गरम हवा वरून तिकडे जाते. गरम हवा ढकलायला गेलात तर काही होत नाही.

तिसरी गोष्ट राखेची. वाटी रोज खरवडायची, राखेचा ट्रे आठवड्याला, उष्णता-नळ्यांवरचा ब्रश रोज दोनदा हलवायचा. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम चुकूनही लावू नका, आत एक निखारा गेला तर पिशवी पेटते. पत्र्याची झाकणाची बादली ठेवा, आणि ती बादली लाकडी डेकवर ठेवू नका.

हिशेबनीस | ९ सप्टेंबर

बाईंचा प्रतिसाद उत्तम, पण पैशाचं कोणी बोलेना, म्हणून मी.

तेलाच्या एका गॅलनमध्ये साधारण १,३८,५०० बीटीयू. बॉयलरची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर हातात १,१३,५००. पेलेटचा इथला टन म्हणजे २००० पौंड, ५० पोती. पौंडाला ८२०० बीटीयू आणि स्टोव्हचे ७५ टक्के धरले तर टनाला सव्वा कोटीच्या जरा खाली. थोडक्यात एक टन पेलेट म्हणजे ११० गॅलन तेल.

माझ्या भागातले या आठवड्यातले भाव लावतो: तेल गॅलनला ३.६० डॉलर, पेलेट टनाला ३४०, वीज युनिटला २४ सेंट. दहा लाख बीटीयू ऊब मिळवायला तेलाचे ३२ डॉलर, पेलेटचे २८, चांगल्या हीट पंपाचे (विजेवर उलटा चालणारा एसी समजा) २६. म्हणजे चार टन जाळलेत तर वर्षाला दोनशे डॉलर सुटतील. तेवढ्यात साडेसहा हजार फिटायला शून्यअंशरावांचा धाकटा कॉलेजात जाईल आणि परत येईल.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये हीट पंप बसवलाय. पोती नाहीत, राख नाही, उन्हाळ्यात गारवाही त्यातूनच. पैसे वाचवायला पेलेट घेताय तर थांबा. ऊब हवी म्हणून घेताय तर वेगळी गोष्ट.

जाता जाता: ७५ टक्के किंवा त्यावर कार्यक्षमता असलेल्या स्टोव्हला फेडरल करात ३० टक्के सूट आहे, कमाल २००० डॉलर. नवीन कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपतेय, आणि त्या तारखेआधी स्टोव्ह बसलेला लागतो, नुसती पावती चालत नाही. फॉर्म ५६९५. कर भरायचाच नसेल तर परत काही मिळत नाही.

शून्यअंश | १० सप्टेंबर

हिशेबनीस, आकडे वाचून बायको म्हणाली, "बघ, मी सांगत होते." ती नेमकं काय सांगत होती ते मला आठवत नाही, पण मान डोलावली.

हीट पंपाचाही विचार केला. पण खरं सांगू का, मला भिंतीवरून येणारी कोमट झुळूक नकोय. मला एक जागा हवीय जिथे पाठ शेकत बसता येईल.

बर्फाळ_बाई | १० सप्टेंबर

मग घ्या. हे कारण पुरेसं आहे.

नळदुरुस्ती | ११ सप्टेंबर

थांबा थांबा. घाईत कोणी महत्त्वाचं बोललंच नाही. तुमचा बॉयलर गरम पाण्याचा आहे ना? आणि थर्मोस्टॅट कुठे आहे? फॅमिली रूमच्या जवळ असेल तर ऐका माझी कथा.

आम्ही पहिल्या वर्षी स्टोव्ह लावला आणि खूश. खोलीत ७२. थर्मोस्टॅट तिथेच, त्याला वाटलं घर मस्त तापलंय, त्याने बॉयलरला हाकच मारली नाही. जानेवारीत बाहेर उणे पंधरा फॅरनहाइट. गॅरेजच्या वरच्या खोलीतल्या बेसबोर्डमधलं पाणी तीन दिवस हललंच नाही. चौथ्या दिवशी ते गोठून नळी फुटली. आवाज नाही, काही नाही. बॉयलर पुन्हा चालू झाला तेव्हा छतातून गॅरेजमधल्या गाडीवर धबधबा. पेलेटने त्या वर्षी वाचवलेले पैसे प्लंबरने एका दुपारी नेले.

उपाय तीन. लांबच्या खोल्यांचा झोन (म्हणजे नळ्यांची फेरी) वेगळा असेल तर त्याचा थर्मोस्टॅट तिकडेच लावा. नसेल तर कितीही ऊब असली तरी तासाला काही मिनिटं पाणी फिरवणारा कंट्रोल मिळतो, तो बसवा. किंवा नळ्यांतल्या पाण्यात बॉयलरसाठीचं अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, घाला (गाडीचं नव्हे!). तुमच्या आईची खोली नेमकी गॅरेजवर आहे म्हणून काळजीने लिहितोय.

शून्यअंश | ११ सप्टेंबर

बापरे. थर्मोस्टॅट फॅमिली रूमच्या दाराशीच आहे. एकच झोन. हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

नळदुरुस्ती | ११ सप्टेंबर

तो स्टोव्ह विकतो, नळ्या नाही.

चिमणीवाला | १३ सप्टेंबर

जर्मनीतल्या बायर्नमधून नमस्कार. इकडे प्रत्येक स्टोव्ह लावण्याआधी जिल्ह्याचा अधिकृत धुराडेवाला येऊन पाहणी करतो, त्याने मान हलवली तरच पेटवायचा. काळा पोशाख, आणि दिसला की नशीब उघडतं अशी इथल्या लोकांची श्रद्धा. मला अजून लॉटरी लागली नाही, बिल मात्र वेळेवर येतं.

तुमच्याकडे ही सक्ती किती आहे ठाऊक नाही, तरी धुराचा पाइप कुठून बाहेर काढणार ते आधी ठरवा आणि मग स्टोव्हची जागा. पेलेटचा पाइप दुहेरी भिंतीचा, तीन किंवा चार इंची. जितकी वळणं कमी तितकं बरं. आडवा लांब पाइप म्हणजे राखेचं कोठार. आणि बाहेरची हवा थेट आत आणणारी नळी लावून घ्या, नाहीतर स्टोव्ह तुम्ही पैसे देऊन तापवलेली हवाच पिऊन बाहेर टाकतो, आणि तितकी थंड हवा खिडक्यांच्या फटींतून आत येते.

इंधनाबद्दल. युरोपात पोत्यावर एनप्लस ए१ शिक्का बघतात: राख ०.७ टक्क्याच्या आत, ओलावा १० च्या आत. तुमच्याकडे पीएफआय प्रीमियम, राख १ टक्क्याच्या आत. पोतं हलवून तळाशी किती भुसा साचलाय बघा, फार असेल तर ऑगर गुदमरतो. आणि भावाच्या भरवशावर राहू नका. २०२२ च्या शरद ऋतूत रशियन गॅसच्या गोंधळात इथे पेलेट टनाला सातशे युरोंच्या वर गेले होते, वर्षभरापूर्वीच्या तिप्पट. लोक पार्किंगमध्ये पोती मोजत होते.

एक गंभीर गोष्ट: सुटे पेलेट टनावारी बंद खोलीत साठवले तर त्यांतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. युरोपात अशा कोठारात शिरून माणसं मेली आहेत. तुमची बंद पोती गॅरेजमध्ये राहणार, तो प्रश्न तेवढा नाही, पण घरात मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

वखार_आठवते | १४ सप्टेंबर

धागा वाचून सोलापूरचं घर आठवलं. आमच्याकडे भुशाची शेगडी होती. पत्र्याचा गोल डबा, खाली बाजूला एक भोक. मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून लाटणं सरकवायचं आणि भोवती वखारीतून आणलेला भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली फिरवत हळूच वर काढायची, लाटणं बाहेर ओढायचं. मध्ये बोगदा तयार! खालून कागद पेटवला की तीन-चार तास सलग जळायची, धग अशी की पुरणाची डाळ सहज शिजे. भुसा नीट ठोकला नाही तर मध्येच ढासळायचा आणि घरभर धूर, मग आजीचा मार. ठोकायचं काम माझं होतं.

तुमचा स्टोव्ह म्हणजे तीच शेगडी, फक्त ठोकायचं काम कारखान्यात करून आणलंय आणि त्यावर साडेसहा हजार डॉलर लावलेत.

गोळीपेंड | १४ सप्टेंबर

वखार_आठवते, वा!

माझा सांगलीजवळ पांढऱ्या कोळशाचा छोटा कारखाना आहे (जे वाचताहेत आणि शहरी आहेत त्यांच्यासाठी: शेतातला काडीकचरा, भुसा, शेंगाची टरफलं दाबून बनवलेल्या कांड्या, बॉयलरला जातात). इकडचे लोक विचारतात, सोयाबीनच्या किंवा कपाशीच्या काड्यांचे पेलेट घरच्या स्टोव्हला चालतील का. नाही चालत. शेतमालाच्या अवशेषात राख खूप, शिवाय पोटॅशमुळे ती लवकर वितळते आणि थंड झाली की काचेसारखा दगड होतो. त्याला क्लिंकर म्हणतात. मोठ्या बॉयलरला तो पाडायची सोय असते, तुमच्या वाटीएवढ्या भांड्यात तो हवेची भोकंच बुजवून टाकेल. म्हणून स्वस्त पोतं दिसलं की आधी नेमकं कशाचं आहे ते वाचा.

शून्यअंश | १५ सप्टेंबर

किती माहिती! इथे लोक सांगतात हार्डवुडचेच (कठीण लाकडाचे) घ्या, सॉफ्टवुडने (पाइनसारख्या मऊ लाकडाने) चिमणीत डांबर साचतं. खरं का?

बर्फाळ_बाई | १५ सप्टेंबर

ओंडक्यांच्या चुलीवरून आलेली समजूत आहे. पेलेटमध्ये ओलावा इतका कमी आणि हवा इतकी भरपूर की तो प्रश्न उरत नाही. उलट चांगल्या सॉफ्टवुडची राख कमी आणि ऊब जास्त. पण एकदम तीन टन उचलू नका. आधी दोन-तीन ब्रँडची पाच-पाच पोती आणा, तुमच्या स्टोव्हला काय मानवतं ते बघा. एकच ब्रँड एका वर्षी छान आणि पुढच्या वर्षी माती असंही होतं.

आणि वीज! वीज गेली की स्टोव्ह बंद. ऑगर, पंखे सगळं विजेवर. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून जास्त घरं अंधारात होती, काही दोन आठवडे. घरात पोत्यांचा ढीग आणि त्याच्या शेजारी कुडकुडणारे लोक.

फुकटचा_सल्ला | १५ सप्टेंबर

इन्व्हर्टर लावा की! लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला हे सांगायला लागतं?

हिशेबनीस | १५ सप्टेंबर

पहिल्यांदाच फुकटचा सल्ला कामाचा निघाला. प्युअर साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) घ्या, स्वस्तातल्याने कंट्रोल बोर्ड बिघडू शकतो. स्टोव्ह चालताना शंभर-सव्वाशे वॉट खातो, पेटताना काही मिनिटं तीन-चारशे. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीवर सात-आठ तास निघतील. रात्र काढता येते, वादळ नाही.

शून्यअंश | १५ फेब्रुवारी २०२६

धागा वर काढतोय. मागे इतक्या लोकांनी वेळ घालवून लिहिलं, मी मात्र घेतलं काय ते सांगितलंच नाही. माफी.

घेतला. मोठा नाही, त्याच दुकानातला सगळ्यात छोट्याच्या वरचा, साठ पौंडांच्या टाकीचा. दुकानदाराने दोनदा विचारलं, नक्की ना. बाहेरच्या हवेची नळी लावली. टाऊनच्या फायर डिपार्टमेंटचा परवाना घेतला, विमा कंपनीला कळवलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसला, म्हणजे सूटही मिळेल.

नळदुरुस्ती, तुम्हाला एक जेवण लागू. बॉयलरवर पाणी फिरवणारा कंट्रोल बसवला. जानेवारीत एका सकाळी आईच्या खोलीतल्या बेसबोर्डला हात लावला तर कोमट होता. तिथेच उभा राहून तुमच्या गाडीवरचा धबधबा आठवला.

चुका: पहिला टन मी गॅरेजमध्ये थेट सिमेंटवर रचला. खालच्या चार पोत्यांना बारीक छिद्रं होती, ओल ओढून घेतली आणि आतले पेलेट फुगून पुन्हा भुसा झाले. थेट फेकून दिली. आता खाली लाकडी फळ्यांचा पॅलेट आहे. दुसरं, ख्रिसमसच्या रात्री इग्नायटर न पेटता नुसताच लाल होत राहिला. तास गेला. शेवटी वाटीतली भोकं तारेने मोकळी केली आणि पेटला. म्हणजे बाई म्हणाल्या तेच, रोज खरवडा.

अख्खं घर काही तापत नाही. फॅमिली रूम ७१, स्वयंपाकघर ६८, वर ६५, आईची खोली बॉयलरवरच. पण तेल आतापर्यंत गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी, पेलेट अडीच टन. हिशेबनीस, नेमका फायदा मे महिन्यात लिहितो, बायकोला आधी दाखवून.

आईचं सांगायचं राहिलं. पहिलं पोतं उघडल्यावर तिने मूठभर पेलेट हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाली, "ही तर गोळी पेंड! म्हशीला घालायची ती." ४० पौंडांचं पोतं तिला उचलवत नाही म्हणून मी रात्री एका पिंपात ओतून ठेवतो, सकाळी ती स्टीलच्या डब्याने मोजून टाकीत घालते. तेरा डबे. चौदावा घातला तर झाकण लागत नाही, हे तिनेच शोधलं. थर्मोस्टॅटवर तिचा विश्वास नाही, ज्वाळा बघून ठरवते.

गेल्या आठवड्यापासून स्टोव्हसमोर दोन खुर्च्यांवर ताट आडवं ठेवून सांडगे वाळत घातलेत.

फुकटचा_सल्ला | १५ फेब्रुवारी

सांडगे किती दिवसांत वाळले? हा प्रश्न गंभीर आहे.

शून्यअंश | १५ फेब्रुवारी

दीड दिवस. पण थेट पंख्याच्या झोतात ठेवू नका, वरून कडक आणि आतून ओले राहतात. आई म्हणतेय बाजूला, तीन फुटांवर.